कॉलेजचा खर्च कोण उचलतं, आणि कधी उचलतं

प्रश्न नाशिकहून आला आहे. विचारणारे गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. घरचं उत्पन्न वर्षाला साडेआठ लाख, प्रवर्ग खुला, मुलगा विनाअनुदानित कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फी १ लाख ३२ हजार, ती सगळी तेच भरतात. त्याच वर्गात कुणाला फी पूर्ण माफ, कुणाला निम्मी, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीला जवळपास शून्य. ते लिहितात, "कर मी भरायचा, फीही मीच भरायची. म्हणजे माझ्या पैशावर बाकीचे शिकतात असंच ना? आणि पुढच्या दोन वर्षांसाठी एफडी मोडू की कर्ज काढू?"

मी ३१ वर्षं कॉलेजांच्या हिशेबात काढली. आधी एका अनुदानित कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात लेखापाल होतो, नंतर एका विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात हिशेब आणि शिष्यवृत्ती हे दोन्ही विभाग माझ्याकडे होते. तुमचा प्रश्न फीच्या खिडकीवर मला शेकडो पालकांनी विचारला आहे. बहुतेक वेळा मागे रांग असायची, म्हणून नीट उत्तर देता आलं नाही. ते आज देतो.

तुमच्या पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. तुमच्या फीमधून शेजारच्या मुलीची फी जात नाही. एके काळी जायची. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खाजगी व्यावसायिक कॉलेजांसाठी एक योजना घालून दिली होती. निम्म्या जागा 'फ्री सीट', निम्म्या 'पेमेंट सीट'. पेमेंट सीटवाल्याने जास्त भरायचं आणि त्यातून फ्री सीटवाल्याचा खर्च निघायचा. प्रत्यक्षात शहरातल्या चांगल्या शाळेतून आलेला, क्लास लावलेला मुलगा गुणांच्या जोरावर फ्री सीट घ्यायचा आणि तालुक्याच्या गावच्या मुलाचा बाप जमीन गहाण टाकून पेमेंट सीट भरायचा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. २००२ साली टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली. एका विद्यार्थ्याच्या खिशातून दुसऱ्याचं शिक्षण करायला लावता येणार नाही, असं ठरलं. पुढे २००५ साली आपल्या पुण्यातूनच गेलेल्या इनामदार खटल्यात हीच दिशा आणखी पक्की झाली. कॉलेजने खर्चाइतकी आणि संस्थेच्या वाढीसाठी लागेल एवढी वाजवी फी घ्यावी, नफेखोरी करू नये, कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी देणगी, घेऊ नये, हे सूत्र तिथलंच.

महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आलं. कॉलेज आपले लेखापरीक्षित हिशेब त्यांच्यापुढे ठेवतं. पगार, वीज, प्रयोगशाळा, देखभाल असा खर्च तपासून विद्यार्थ्यामागे रक्कम ठरते. असे प्रस्ताव मी कित्येक वर्षं केले. तिथे बसलेला माणूस पगाराची प्रत्येक ओळ बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघतो. जो आकडा मंजूर होतो तोच त्या कॉलेजातल्या प्रत्येक बाकाचा दर. तुमच्या मुलाच्या बाकाचा १ लाख ३२ हजार, शेजारच्या मुलीच्या बाकाचाही १ लाख ३२ हजार. फरक इतकाच, की तिच्या बाकाचे बहुतेक पैसे सरकारकडून यायचे असतात. याला एक छोटा अपवाद आहे तो टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिकवणी फी माफ असलेल्या, जागांचा. मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलांना त्या गुणवत्तेवर मिळतात आणि त्यांची शिकवणी फी संस्थेनेच सोडायची असते. तो भार शेवटी बाकीच्यांच्या खर्चात मुरतो. साठच्या वर्गात ही मुलं तीन.

आता वर्गातल्या पावत्या समोर ठेवतो. समजायला सोपं जावं म्हणून तुमच्या १ लाख ३२ हजारांतली १ लाख २० हजार शिकवणी फी आणि १२ हजार विकास शुल्क धरू. कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामाईक प्रवेश फेरीतून, आलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या, तसंच विमुक्त-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाच्या मुलांची शिकवणी फी सरकार पूर्ण देतं. ओबीसी मुलांची निम्मी. खुल्या प्रवर्गातल्या ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलाला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी, म्हणजे ६० हजार. जुलै २०२४ च्या निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी या गटांतल्या, ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. विकास शुल्काचे १२ हजार मात्र तिलाही भरावे लागतात. 'सगळं माफ' असं ऐकून आलेल्या आया खिडकीशी अडून बसायच्या त्या याच १२ हजारांसाठी.

पुढचा प्रश्न म्हणजे, सरकार हे पैसे आणतं कुठून? तुम्ही म्हणता, "कर मी भरतो." २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आयकर पडत नाही. म्हणजे साडेआठ लाखांच्या घराचा आयकर आज शून्य असू शकतो. तसंही आयकर जातो केंद्राकडे. फीमाफीचा मोठा भाग राज्याच्या तिजोरीतून निघतो आणि ती तिजोरी मुख्यतः जीएसटीवर, पेट्रोल-डिझेल-दारूवरच्या करांवर आणि घर-जमिनीच्या व्यवहारांतल्या मुद्रांक शुल्कावर चालते. साबण, मोबाईलचं रिचार्ज, मोटरसायकलमधलं पेट्रोल यांवरचा कर तुम्ही भरता आणि सिन्नरच्या शेतमजुराची बाईही भरते. तिच्या मिळकतीच्या मानाने तिचा वाटा तुमच्यापेक्षा जड आहे, कारण तिची सगळी मिळकत खर्चच होते. आणि तिचं पोर बहुधा कॉलेजपर्यंत पोचत नाही. देशात अठरा ते तेवीस वयाच्या शंभर मुलांमागे उच्च शिक्षणात नाव असलेली मुलं सुमारे अठ्ठावीस, हा २०२१-२२ च्या केंद्रीय पाहणीचा आकडा. बाकीच्या घरांनीही कर भरलेलाच असतो. "कोण कुणाच्या पैशावर शिकतं" हे विचारायचं, तर पहिलं बोट आपल्या सगळ्यांकडे येतं. अनुदानित कॉलेजात शिकलेला मी स्वतः त्यात आलो.

एक काम करा, घरपट्टीचं बिल काढून बघा. शहरात राहता म्हणजे त्यात शिक्षण कराची एक ओळ सापडेल. १९६२ च्या राज्याच्या कायद्यापासून ती तिथे आहे. दुकान-कारखान्यासारख्या, निवासी नसलेल्या मिळकतीच्या बिलात तिच्या शेजारी रोजगार हमीचा करही असतो. त्या दोन ओळी मी नव्याने लागलेल्या कारकुनांना मुद्दाम दाखवायचो. शहरातल्या मिळकतदाराने गावातल्या मजुराच्या कामासाठी आणि कुणाच्याही पोराच्या शिक्षणासाठी थोडं द्यायचं, हे महाराष्ट्राने फार आधी ठरवलेलं आहे.

त्याही आधी हे कसं चालायचं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे पहिले आजीव सदस्य महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवण्याचं वचन देत. गोखल्यांनी ते पाळलं. म्हणजे त्यांच्या फर्ग्युसन कॉलेजच्या खर्चाचा मोठा भाग तेव्हा शिक्षकांनी आपल्या न घेतलेल्या पगारातून भरला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी करवली, कारण मुलं अडतात ती फीपेक्षा राहण्या-जेवण्यापाशी, हे त्यांना नेमकं कळलं होतं. कर्मवीर भाऊरावांनी मूठमूठ धान्य गोळा केलं. साताऱ्याच्या वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. १९४७ साली साताऱ्याला शिवाजी कॉलेज निघालं आणि तिथे 'कमवा आणि शिका' सुरू झालं, म्हणजे विद्यार्थ्याने आपला वाटा घामाने भरला. पुढे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना वर्षाला १२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी ईबीसीची, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची, फी सवलत आली, तेव्हा सरकारने हा भार अंगावर घेतला. माझ्या वडिलांची पिढी त्यावर शिकली.

मग १९८३ साल आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. तोवर मराठी मुलं इंजिनिअरिंगसाठी कर्नाटकात देणग्या भरून जात होती, ते थांबलं, हे खरं. तालुक्यातालुक्यांत कॉलेजं झाली, हेही खरं. पण त्याच दिवसापासून महाराष्ट्रात खर्चाच्या दोन वेगळ्या वाटा झाल्या. अनुदानित कॉलेजात मंजूर पदांचा पगार सरकार देतं, म्हणून बी.ए.च्या मुलाची फी काही हजारांत राहते. विनाअनुदानितमध्ये शिपायापासून प्राचार्यापर्यंत सगळ्यांचा पगार फीमधून. २००१ च्या अखेरीपासून नव्या कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयांनाही 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावरच मान्यता मिळू लागली. आज देशातल्या चार कॉलेजांपैकी तीनहून जास्त, अनुदानित धरून, खाजगी व्यवस्थापनाची आहेत. सरकारने कॉलेजला देणं कमी केलं आणि विद्यार्थ्याला देणं वाढवलं, असं या चाळीस वर्षांचं एका ओळीत सांगता येईल.

अनुदानित कॉलेजातही सगळा पगार सरकारचा नसतो. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही आणि त्याचे तास 'सीएचबी'वर, म्हणजे तासिका तत्त्वावर, दिले जातात. प्राध्यापकीची नेट-सेट परीक्षा पास झालेला, पीएचडी केलेला माणूस तासाच्या हिशेबाने पैसे घेतो. परीक्षा आणि सुट्टीच्या महिन्यांत त्याच्या हाती काही नाही. मी त्यांची बिलं करायचो. मार्चअखेरीला सह्या घ्यायला आले की त्यातले काही चहालाही नको म्हणायचे. तुमच्या-माझ्या मुलांच्या स्वस्त पदवीतला एक वाटा हे लोक भरतात आणि त्याची पावती कुठेच फाटत नाही. गोखल्यांनी ७५ रुपये स्वतःहून पत्करले होते. यांना कुणी विचारलेलंच नाही.

वाटणीचा कागद इथवर समजला असेल. माझं खरं म्हणणं पुढे आहे. वाटणीतला कुणाचा हिस्सा किती यावर सभांतून, चॅनेलवर भरपूर बोललं जातं. हिस्सा कधी येतो यावर कुणी बोलत नाही. मुलगा कॉलेजात टिकतो की गळतो हे त्या 'कधी'वर ठरतं, असं मी ३१ वर्षांच्या वह्यांवरून सांगतो.

वर्षाचा ताळेबंद असा चालतो. जून-जुलैत मुलगा खोली बघतो आणि डिपॉझिट देतो. मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला. ऑगस्टमध्ये प्रवेश पक्का होतो आणि फीचा त्याचा हिस्सा लगेच भरावा लागतो. कॉलेजचा पगार दर महिन्याला. सरकारचा हिस्सा मात्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, मग कॉलेजची छाननी, मग जिल्ह्याची मंजुरी, मग बिल, मग कोषागार अशा पायऱ्या चढून येतो. पुष्कळदा तो येतो तेव्हा मुलगा पुढच्या वर्गात गेलेला असतो. मधल्या काळात त्या पैशाची उधारी कुणाच्या तरी माथी असते. कधी कॉलेजच्या, कधी बापाच्या.

मी ज्या अभियांत्रिकी कॉलेजात होतो, तिथे एका मार्चअखेरीला शिष्यवृत्तीची येणी इतकी तुंबली की शिक्षकांचे पगार तीन महिने झाले नाहीत. कुणी गृहकर्जाचा हप्ता चुकवला, एकाने बायकोचे दागिने ठेवले. मंजूर झालेल्या सरकारी पैशाला त्या तीन महिन्यांत बिनव्याजी उधार दिलं ते या माणसांनी. दुसऱ्या बाजूला व्यवस्थापनाचा धाक: सरकारचे येतील तेव्हा येतील, आत्ता मुलांकडून घ्या. मूळ कागदपत्रं अडवून ठेवायची नाहीत, असे यूजीसी आणि एआयसीटीई या दोन्ही केंद्रीय नियामक संस्थांचे आदेश आहेत, तरी ती अडवली गेली. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी बसलो होतो, ही गोष्ट मला अजून टोचते.

अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचं उदाहरण घ्या. अडीच लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांसाठी ही केंद्राची योजना आहे. २०२०-२१ पासून केंद्राने ६० टक्के आणि राज्याने ४० टक्के द्यायचे ठरले. केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो आणि त्याने त्यातून कॉलेजची फी भरायची असते. मधल्या मधे पैसे गडप होऊ नयेत म्हणून हे केलं. हेतू चांगला आहे आणि गडप होत होते हेही मी नाकारणार नाही.

पण एका दुपारी येवल्याकडचा एक तिसऱ्या वर्षाचा मुलगा पासबुक घेऊन आला. नीट इस्त्री केलेला शर्ट, हातात घडी करून मऊ झालेलं पासबुक. नोंद होती, ७२ हजार जमा. त्याखाली दोन दिवसांनी ५५ हजार काढलेले. बाप ऊसतोडीला गेला होता, ट्रॅक्टरवरून पडला, मांडीचं हाड मोडलं, खाजगी दवाखान्यात ऑपरेशन. पोराच्या खात्यात त्या आठवड्यात घराने कधी न पाहिलेली रक्कम येऊन पडली होती आणि ती बापाच्या पायाला लागली. त्याने लपवलं काहीच नाही. टेबलावर पासबुक ठेवून म्हणाला, "सर, हे असं झालंय." प्राचार्यांकडून मी सहा हप्ते मंजूर करून घेतले. संध्याकाळी घरोघरी पार्सलं पोचवून त्याने ते फेडले. शेवटचा हप्ता चार हजारांचा होता, तो शंभर-दोनशेच्या नोटांत आला. हेच पैसे थेट कॉलेजात आले असते तर बापाचा पाय कसा झाला असता, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. आणि हाच पैसा दर महिन्याला निर्वाहभत्ता म्हणून आला असता तर पोराला रात्री अकरापर्यंत दुचाकी फिरवावी लागली असती का, हाही विचारतो.

कारण फी हा खर्चाचा अर्धाच भाग असतो. पुण्यात किंवा नाशकात खोली, मेस, प्रवास, झेरॉक्स, मोबाईल धरून महिन्याला आठ-दहा हजार सहज जातात. वर्षाचे झाले लाखभर. सरकार त्यातला काही भाग उचलतं. अनुसूचित जातीच्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, त्यात शहरानुसार वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात. खुल्या प्रवर्गासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. रकमा वाईट नाहीत. पण मेसवाल्या काकू उन्हाळ्यात येणाऱ्या एकरकमी पैशांसाठी जूनपासून ताट वाढत नाहीत. मुलगा एक वेळ वडापाववर काढतो, नाहीतर दिवाळीला घरी जातो तो परत येत नाही. शाहू महाराजांनी पैसे न वाटता वसतिगृहं बांधली, त्यामागचं शहाणपण मला नोकरीच्या शेवटच्या वर्षांत उमगलं. ताट रोजच्या रोज मिळालं पाहिजे.

आता तुमची खरी तक्रार. ती रास्त आहे आणि तुम्ही ती चुकीच्या माणसावर काढली आहे. ८ लाख उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला वर्षाला ६० हजार मिळतात. तुमचं उत्पन्न साडेआठ, म्हणून शून्य. उत्पन्न ५० हजारांनी जास्त आणि मदत ६० हजारांनी कमी, म्हणजे ओव्हरटाइम करून तुम्ही दहा हजारांनी मागे गेलात. हा कडा आहे, याला उतार हवा. ६ लाखांपर्यंत अमुक, ८ पर्यंत तमुक, १० पर्यंत थोडं कमी, अशा पायऱ्या का नसाव्यात? आयआयटीत दोन पायऱ्या तरी आहेत. २०१६ मध्ये फी ९० हजारांवरून २ लाख केली तेव्हा १ लाखाच्या आतल्या घरांना पूर्ण आणि ५ लाखांपर्यंतच्यांना दोन तृतीयांश सवलत दिली.

दुसरं, तुमचं उत्पन्न फॉर्म १६ वर छापून येतं. दुकानदाराचं, कंत्राटदाराचं उत्पन्न तहसीलदाराच्या दाखल्यावर येतं आणि त्या दाखल्यावर ७ लाख ९० हजार हा आकडा मी इतक्या वेळा पाहिला आहे की तो डोळे मिटून लिहू शकेन. पगारदाराला यात डावललं जातं, हे मी कुणासमोरही मान्य करीन. पण हा दोष दाखल्याच्या पद्धतीचा आणि त्या एका रेषेचा आहे. शेजारच्या मुलीने तुमचं काही घेतलेलं नाही.

आणि सरकारकडून तुम्हाला काहीच मिळालं नाही, हेही पूर्ण खरं नाही. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल त्या वर्षांत दोन मुलांची शिकवणी फी आयकराच्या ८०-सी कलमाखाली उत्पन्नातून वजा होत होती. शैक्षणिक कर्जाचं व्याज आठ वर्षांपर्यंत पूर्ण वजा होतं. हीसुद्धा शिक्षणाची सरकारी मदतच आहे, फक्त तिच्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही आणि तिला शिष्यवृत्ती म्हणत नाहीत. ज्याचा कर जास्त, त्याची ही मदत मोठी. नव्या प्रणालीत या वजावटी नाहीत.

मला विचाराल तर तीन गोष्टी बदलल्या पाहिजेत आणि त्यांत पहिली वेळेची. कॅपमध्ये जागा पक्की झाली की सरकारला त्या मुलाचं नाव, प्रवर्ग, उत्पन्न, कॉलेज सगळं माहीत असतं. मग त्याच महिन्यात सरकारी हिश्शाचा पहिला हप्ता निघायला हरकत काय? छाननी नंतर करा, चुकलं तर वसूल करा. दुसरी, निर्वाहभत्ता महिन्याच्या महिन्याला. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे महिन्याच्या हिशेबाने देता येतात, तर हेही येतील. तिसरी म्हणजे वर सांगितलेल्या पायऱ्या. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना नवा रुपया लागत नाही, तोच रुपया लवकर लागतो.

कर्जाबद्दल मात्र माझं मत थोडं कडक आहे. मुलाच्या शिक्षणाचा फायदा मुलालाही होतो, तेव्हा त्यानेही पुढे वाटा उचलावा, हे तत्त्व मला पटतं. पण आपल्याकडे हप्ता पगार बघत नाही. हिशेब करून दाखवतो. चार वर्षं दरवर्षी २ लाख असं ८ लाखांचं कर्ज, दर १० टक्के. शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष सरळव्याज. पहिल्या २ लाखांवर १ लाख, दुसऱ्यावर ८० हजार, मग ६०, मग ४०. मिळून २ लाख ८० हजार व्याज. म्हणजे फेड सुरू होताना १० लाख ८० हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सव्वाचौदा हजार. आणि पहिली नोकरी पंचवीस हजारांची असली तर? निम्म्याहून जास्त पगार पहिल्याच तारखेला गेला.

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये वेगळी सोय केली. विद्यार्थी आत्ता काही देत नाही. पुढे त्याचं उत्पन्न ठरावीक रेषेच्या वर गेलं की करखातं पगारातून ठरलेली टक्केवारी कापून घेतं. नोकरी गेली, बाळंतपणासाठी सुट्टी घेतली, तर कापणं थांबतं. आपल्याकडे अशी योजना जशीच्या तशी चालणार नाही, कारण इथे पगाराची पावती मिळणारेच थोडे. तरी हप्ता उत्पन्नाला बांधायचा, ही कल्पना बँकांनी निदान पगारदार मुलांपुरती घ्यायला हवी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम-विद्यालक्ष्मी योजना आली. तिच्यात निवडक संस्थांतल्या, ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना व्याजात ३ टक्के सवलत आहे. तुम्ही पुन्हा त्याच रेषेच्या पलीकडे.

तेव्हा एफडी की कर्ज. दोन वर्षांची फी २ लाख ६४ हजार, वरचा खर्च धरून ४ लाखांच्या आत बसेल. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही आणि मार्जिन, म्हणजे आपल्या खिशातला वाटा, तोही लागत नाही. एफडीवर तुम्हाला साधारण साडेसहा-सात टक्के मिळत असतील, कर्ज दहाच्या आसपास पडेल. नुसत्या आकड्यांनी एफडी मोडणं स्वस्त आहे. पण ती एफडी हीच घरची एकमेव शिल्लक असेल तर हात लावू नका. येवल्याच्या मुलाची गोष्ट मी उगाच सांगितली नाही. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवून वर काही उरत असेल तर तिसऱ्या वर्षाची फी त्यातून भरा आणि चौथ्या वर्षापुरतं कर्ज घ्या. दोन्ही वर्षांसाठी घेतलंच तर व्याज साचू देऊ नका. २ लाखांवर महिन्याला सुमारे १,६६७ रुपये होतात, ते दर महिन्याला भरा. शिक्षण चालू असताना व्याज भरत राहिलं तर बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. शाखेत ते विचारून लेखी घ्या.

बँकेत जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या आणि अर्ज त्यालाच भरू द्या, कर्जदार तो आहे, तुम्ही सहकर्जदार. कॉलेजचं बोनाफाईड, पुढच्या दोन वर्षांचं फीचं पत्र आणि झालेल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका एवढं लागेल. फीच्या पत्रात विकास शुल्क वेगळं दाखवून मागा, नाहीतर बँक नेमकं तेवढंच वगळते. आणि हे एप्रिलमध्ये उरका. जुलैत त्याच टेबलापुढे पहिल्या वर्षाच्या मुलांची रांग लागते आणि कॉलेजची फीची तारीख मंजुरीसाठी थांबत नाही.